देवळात जाताना : कार्यकर्त्यांसाठी एक अभ्यास



या तिमाहीत आपल्या कामात काही नवीन मुलेमुली दाखल झाली. त्यांच्यातल्या एकीने पहिल्याच आठवड्यात मला विचारले, "ताई, बचत गटाची बैठक देवळात ठेवली तर जायचं की नाही?" मी लगेच उत्तर दिले नाही. उत्तर माहीत नव्हते म्हणून नव्हे. ते उत्तर मला फार उशिरा आणि एका म्हातारीच्या जिवावर मिळाले होते, म्हणून. या अंकात त्यावरच लिहावे असे ठरवले.

पहिली गोष्ट ही की आपल्या भागात देवळात न जाता समाजकार्य करता येत नाही. साखरखेर्डा आणि आसपासच्या गावांत मारुतीचा पार हीच कचेरी असते. ग्रामसभा तिथे, पोलिओचा डोस तिथे, जॉबकार्डाचे फॉर्म भरायला सावली तिथे. पाऊस आला की सगळे सभामंडपात. मंडपात बसायचे नाही असे ठरवले, तर कार्यकर्ता एकटा पावसात उभा राहतो आणि त्याच्या वस्तीचे नाव यादीतून राहून जाते.

साखरखेर्ड्याची तर ओळखच धर्मस्थळांनी झालेली आहे. इतिहासाच्या पुस्तकात गाव सापडते ते लढाईमुळे. १७२४ साली निजामुल्मुल्कने मुबारिझखानाला इथे हरवले आणि गावाचे नाव फतेहखेर्डा झाले. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच राहिले. येणारे पाहुणे लढाई पाहायला येत नाहीत. ते येतात पलसिद्ध महास्वामींच्या मठात, जो वीरशैव परंपरेचा आहे, किंवा प्रल्हाद महाराज रामदासी यांच्या स्थानी. प्रल्हाद महाराजांचे गुरू जालन्याचे रामानंद महाराज आणि त्यांचे गुरू गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज. एका गावात शिवाची उपासना करणारे आणि रामनाम घेणारे शेजारी नांदतात. ज्याने अंगावर इष्टलिंग धारण केले आहे त्याची रीत वेगळी, ज्याच्या हातात जपमाळ आहे त्याची वेगळी. आपण बाहेरून पाहताना दोघांना एकाच शब्दात गुंडाळतो, ही पहिली बेअदबी. पुढे मेहकरला शारंगधर बालाजीची उंच काळी मूर्ती आहे, ती १८८८ साली जमिनीतून मिळाली. लोणारला दैत्यसूदन आणि सरोवराच्या काठावर कमळजादेवी. ज्या लोकांत आपण राहतो त्यांची ही नावे तरी आपल्याला सांगता आली पाहिजेत.

मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा केला तेव्हा 'इतर धर्मांचा परिचय' असा एक पेपर होता. त्यात सहा दर्शने होती, अवतार होते, शंकराचार्य होते. चपला कुठे काढायच्या हे त्यात नव्हते.

आता ती गोष्ट सांगते. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा म्हणून सांगायचा नाही, माझा म्हणून सांगायचा आहे.

एका पारधी वस्तीवर आपले अभ्यासिकेचे काम चाले. तिथली एक मावशी, वय साठीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिचा नातू आश्रमशाळेत राहून दहावी पास झाला. वस्तीवरचा पहिलाच. मावशीने नवस बोलला होता की पोरगा पास झाला तर जवळच्या गावच्या देवीला नारळ आणि खण देईन. यात्रेच्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, तू चाल माह्यासंगं. मले दिसत नाही, अन् तिथं लोकं लई असतात."

मी गेले. कमानीपर्यंत. तिथे माझी पावले थांबली. लहानपणापासून मंडळीत ऐकलेली सगळी वचने डोक्यात उभी राहिली. मी तिला म्हटले, "मावशी, तुम्ही जाऊन या. मी इथे चपला सांभाळते." ती काही बोलली नाही. नारळ पदरात घेऊन, भिंतीला हात लावत आत गेली.

मी लिंबाखाली उभी होते. मनात समाधान होते की मी साक्ष राखली. दहा मिनिटांत ती परत आली. नारळ फुटलेला नव्हता. रांगेतल्या एका स्वयंसेवकाने तिला विचारले होते, कोणत्या गावची, कोणत्या वस्तीची. वस्तीचे नाव सांगताच तिची पिशवी उलटी करून पाहिली. मागे कुणाच्या तरी चपला आणि एक पाकीट गेले होते म्हणे. मग नारळ पायरीवर ठेवून जा म्हणाले. तिने तो ठेवला नाही, परत आणला.

परत येताना ती एवढेच म्हणाली, "तू संगं असती त मले काही म्हणले नसते ना."

पारधी समाजावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावरून शिक्का गेला, पिशवी उलटी करणाऱ्या हातांतून गेला नाही. आणि मी? मी ज्या कारणासाठी बाहेर थांबले त्याला मी विश्वास म्हणत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी २ राजे ५ वा अध्याय उघडला, कारण देऊळ आणि हात हे दोन शब्द एकत्र कुठेतरी वाचल्याचे आठवत होते.

नामानाची कथा आपण कोड बरे होण्यासाठी सांगतो. यार्देनेत सात बुड्या, शरीर लहान मुलासारखे, आणि संडेस्कूलचा धडा संपला. त्यापुढच्या दोन ओळी आपण वाचत नाही. बरा झालेला नामान अलीशाकडे दोन मागण्या करतो. एक, दोन खेचरांवर मावेल एवढी इस्राएलची माती मला नेऊ द्या, कारण यापुढे मी याच देवाची उपासना करणार. दुसरी मागणी फार संकोचाने येते. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात पूजेला जातो तेव्हा तो माझ्या हातावर टेकतो. तो वाकला की मलाही वाकावे लागते. एवढ्या गोष्टीची मला क्षमा व्हावी.

अलीशा हा काही मवाळ संदेष्टा नव्हता. तो एलीयाचा शिष्य होता, ज्याने बआलाच्या संदेष्ट्यांसमोर एकट्याने उभे राहून दाखवले. नामानाला तो नोकरी सोड म्हणू शकला असता, धन्याला सांग म्हणू शकला असता. तो म्हणाला, शांतीने जा. त्याने याला पुण्यही म्हटले नाही आणि पापही म्हटले नाही. धन्याला तुझा हात लागतो, आणि तुझी माती तुझ्याजवळ आहे, इतके त्याला पुरेसे वाटले असावे.

तरी या उताऱ्याचा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. त्याच पवित्र शास्त्रात शद्रख, मेशख आणि अबेदनगो आहेत. ते वाकले नाहीत आणि भट्टीत गेले. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. फरक मला असा दिसतो. बाबेलच्या मैदानात वाकणे हीच परीक्षा होती. राजाला पाहायचे होते की हे वाकतात की नाही. रिम्मोनाच्या देवळात नामानाला कुणी पाहत नव्हते. तो तिथे आपल्या धन्याचा आधार होता. म्हणून आत पाऊल टाकण्याआधी कार्यकर्त्याने स्वतःला विचारायचे ते हे, की इथे माझ्याकडून काय मागितले जात आहे? माझी भक्ती की माझा हात? भक्ती मागितली जात असेल तर नम्रपणे नाही म्हणावे, आणि त्याची किंमत द्यावी. हात मागितला असेल आणि आपण तो शास्त्राच्या नावाखाली मागे घेतला, तर ते आपण कुणासाठी केले हे तपासावे.

आता पौलाकडे येऊ. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये तो अथेनैत आहे. शहर मूर्तींनी भरलेले पाहून त्याचा जीव कळवळतो, हे लूक लपवत नाही. पण तो डोळे मिटून बाजारातून पळत नाही. तो फिरतो, त्यांची पूजास्थाने नीट पाहतो, एका वेदीवरचा लेख वाचतो. त्यांच्या कवींची वचनेही त्याला पाठ आहेत. अरीयपगावरचे त्याचे भाषण त्या पाहण्यातून निघाले आहे. आणि दोन अध्याय पुढे, इफिसात, दंगल होते. अर्तमी देवीच्या नावाने लोक दोन तास ओरडतात. तेव्हा नगराचा चिटणीस उभा राहून सांगतो की या माणसांनी देवळे लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. हा चिटणीस ख्रिस्ती नव्हता. पौल त्या शहरात दोन वर्षांहून जास्त राहिला, मोठमोठ्याने शिकवत राहिला, तरी देवीची निंदा केली असा साक्षीदार विरोधकांना मिळाला नाही. आपल्या गावचा पोलीस पाटील किंवा संस्थानचा विश्वस्त आपल्याबद्दल असे उभे राहून सांगू शकेल का? आजकाल आपल्याकडे संशयाने पाहिले जाते हे सर्वांना माहीत आहे. त्या संशयाचे काही कारण आपणही दिले आहे. काही वर्षांपूर्वी एक पाहुणा आपल्याबरोबर फिरत असताना देवळाच्या भिंतीला टेकून पत्रके वाटू लागला. त्याचा उत्साह त्या संध्याकाळी परत गेला, आणि आम्हाला त्या गावात पुन्हा बसायला दीड वर्ष लागले.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. पत्रके, गोळ्या, कपडे, वह्या, काहीही देवळाच्या आवारात वाटायचे नाही. आत जाऊन मनातल्या मनात त्या देवाविरुद्ध प्रार्थना करण्याची जी रीत कुठून कुठून शिकून येतात, ती आपल्याकडे चालणार नाही. ज्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलो त्याच्या घराला मनात शाप देणे हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही. प्रार्थना घरी करून यावी.

त्या प्रार्थनेबद्दल थोडे. आदल्या रात्री किंवा सकाळी दहा मिनिटे शांत बसावे आणि आपल्या मनात काय आहे ते देवासमोर मांडावे. माझ्या अनुभवात तीन गोष्टी निघतात. पहिली भीती, की मंडळीतले कुणी पाहील. दुसरे कुतूहल, जे वाईट नाही, पण पाहायला आलेला माणूस आणि भेटायला आलेला माणूस यांत फरक असतो आणि तो लोकांना लगेच कळतो. तिसरी गोष्ट कबूल करायला सर्वांत अवघड, ती म्हणजे तुच्छता. शेंदूर लावलेला दगड पाहून ओठाच्या कोपऱ्यात येणारे हसू. ते जोपर्यंत जात नाही तोपर्यंत देवळात जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगते. नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो. त्यांनी अभंग आणि कीर्तन टाकून दिले नाही, १९१७ साली त्यांनी देवाचा दरबार सुरू केला तोही याच मातीतला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांचे सोवळे हळूहळू कसे सुटले ते वाचण्यासारखे आहे. मला ते वाचताना नेहमी वाटते, आपल्यातही एक सोवळे असते. ते पाण्याचे नसते, शब्दांचे असते.

रीतभात अशी. अंघोळ करून, धुतलेले साधे कपडे घालून जावे. त्या दिवशी सकाळी बोंबील किंवा मटण खाल्लेले असेल तर बैठक दुसऱ्या दिवशी ठेवावी. माळकरी माणसाच्या शेजारी बसताना त्याला ते जाणवते. एकादशीला कुणाला चहाबिस्किटांचा आग्रह करू नये. कमरेचा चामडी पट्टा आणि पाकीट गाभाऱ्याजवळ चालत नाही, पिशवीत ठेवावे. चपला बाहेर, पण मधोमध नको, कडेला. उंबऱ्यावर पाय देऊन उभे राहायचे नाही, तो ओलांडायचा. लोक त्याला हात लावून कपाळाला लावतात. आपण न लावता बाजूने ओलांडला तर कुणी काही म्हणत नाही. मुलींनी ओढणी किंवा पदर डोक्यावर घ्यावा. आपल्याही उपासनेत आपण घेतोच.

शिवाच्या देवळात नंदी आणि पिंड यांच्या मधून जाऊ नये. नवीन माणूस नेमका तिथूनच जातो. बरेच भाविक नंदीच्या शिंगांमधून दर्शन घेतात, त्यांच्या नजरेच्या वाटेत आपण उभे राहू नये. शिवाची प्रदक्षिणा पूर्ण नसते. अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर जाते ती ओलांडत नाहीत, तिथपर्यंत जाऊन माघारी वळतात. आपल्याला प्रदक्षिणा घालायची नसली तरी आवारात फिरताना हे लक्षात ठेवावे, कारण मागच्या नळावर पाणी प्यायला जाताना मी स्वतः दोनदा ती पन्हळ ओलांडली आहे. मारुतीच्या पारावर बायकांनी चौथऱ्यावर चढायचे का, हे गावागणिक बदलते. विचारावे. विचारल्याने कमीपणा येत नाही, उलट विचारणाऱ्याला लोक दोन गोष्टी जास्त सांगतात.

आरती चालू असताना मध्येच उठून जाऊ नये. उभे राहावे, गप्प राहावे. टाळी वाजवायची का, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर. मी वाजवत नाही. हात मात्र जोडते, ते पुजाऱ्याला आणि जमलेल्या लोकांना नमस्कार म्हणून, आणि तसे कुणी विचारले तर सांगते. पुजारी गंध लावायला आला तर मान मागे घेऊ नये. "महाराज, मी ख्रिस्ती आहे, आम्ही लावत नाही, राग मानू नका," एवढे हळू आवाजात पुरते. आजवर एकाही पुजाऱ्याने माझ्यावर राग धरलेला नाही. एकाने तर उलट विचारले, "मग तुमच्यात कपाळाला काही लावतच नाही का?" आणि राखेच्या बुधवारावर आमचे अर्धा तास बोलणे झाले. फोटो काढू नये. अहवालासाठी सुद्धा नको.

मुलींनी पाळीच्या दिवसांचे विचारले आहे. नियम मला पटत नाही. बारा वर्षे रक्तस्राव होत असलेल्या बाईने प्रभूच्या वस्त्राला हात लावला आणि तो तिला मुली म्हणाला, हे आपले शास्त्र आहे, आणि वस्तीवरच्या मुलींना आपण तेच शिकवतो. पण दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर त्याच्या चुलीवर वाद घालत नाहीत. त्या दिवशी सोबतीणीला पाठवावे. खोटे बोलून जाऊ नये, हे महत्त्वाचे.

प्रसादाचा प्रश्न सर्वांत नाजूक, आणि इथे आपल्यातच दोन मते आहेत. १ करिंथ ८ आणि १० हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा, म्हणजे कळेल की पौलालाही हे एका ओळीत सांगता आले नाही. आठव्यात तो म्हणतो मूर्ती काहीच नाही, तरी माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांसच खाणार नाही. दहाव्यात आधी म्हणतो, प्रभूच्या मेजावर आणि दुसऱ्या मेजावर एकाच वेळी बसता येत नाही. मग लगेच, कुणी जेवायला बोलावले तर काही न विचारता जेवा. आणि कुणी सांगितले की हे वाहिलेले आहे, तर खाऊ नका, ते सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. म्हणजे प्रत्येक वेळी पौलाचे लक्ष ताटाकडे नसून शेजारी बसलेल्या माणसाकडे आहे.

मी स्वतः देवापुढचा प्रसाद खात नाही. माझ्या वस्तीवरच्या काही नवीन विश्वासी बायकांना ते अवघड जाईल, म्हणून. पण मी तो नाकारत नाही. दोन्ही हात पुढे करून घेते, उजवा हात वर, आणि शेजारच्या लेकराला देते. मुले नेहमी असतात आणि त्यांना खडीसाखर दुसऱ्यांदा मिळाल्याचा आनंदच होतो. पायरीवर टाकणे, खिशात चुरगाळणे, कागदात गुंडाळून नंतर फेकणे, हे कधीही नको. तीर्थ देऊ लागले तर आधीच नम्रपणे सांगावे, कारण ते तळहातावर घेतल्यावर दुसरी वाट राहत नाही. भंडाऱ्याची पंगत ही गोष्ट मी वेगळी मानते. तिथे शेकडो लोक जेवतात, त्यांत पारधी, भिल्ल, मुसलमान सगळे असतात, आणि वाढणारा कुणाला काही विचारत नाही. गोंदवल्याच्या परंपरेत नामाच्या जोडीने अन्नदान आहे. त्या पंगतीत बसून मी जेवले आहे आणि माझा विवेक शांत होता. आपल्यातले एक ज्येष्ठ बंधू तिथेही जेवत नाहीत. ते वाढायला उभे राहतात. गावात त्यांना माझ्यापेक्षा जास्त मान आहे.

आदिवासी भागात काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला जी कोरकू गावे आहेत, तिथे देऊळ म्हणावे असे पुष्कळदा काही नसतेच. गावाच्या वेशीवर झाडाखाली मुठवा देव असतो, चार दगड आणि शेंदूर. पाहुणा त्यावर बसतो, पाणी पितो, बाटली ठेवतो. तिथे कमान नाही, पाटी नाही, म्हणून अदब कमी असे नव्हे. भुमकाला विचारल्याशिवाय तिथे जायचे नाही. पारध्यांच्या पालात देवी गाठोड्यात किंवा पेटीत असते, तिला बाहेरच्याने हात लावायचा नाही, उघडून दाखवा म्हणायचे नाही. शहरातून आलेले आपले काही मित्र मोठ्या संस्थानात नीट वागतात आणि पालात बुटांसकट शिरतात. त्यांना मी बाहेर काढले आहे आणि पुढेही काढीन.

देवळाचा विषय निघाला की आपण आपल्याच विवेकाबद्दल बोलत राहतो. महाराष्ट्रात देवळाच्या दाराशी कितीतरी लोक वेगळ्याच कारणाने थांबले आहेत. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे, आत नाही. आपल्या वऱ्हाडात १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळासाठी सत्याग्रह उभा राहिला, पंजाबराव देशमुख त्यात होते. १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी सर्वांना खुले केले. २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाचा सत्याग्रह बाबासाहेबांनी सुरू केला. साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले. इतक्या लोकांनी ज्या उंबऱ्यासाठी मार खाल्ला, त्या उंबऱ्याशी मावशीला पोचवून मी चपला सांभाळत बसले होते.

पुढच्या वर्षी मी तिच्याबरोबर गेले. तोपर्यंत तिच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, दुसऱ्याची राहिली होती. निघण्याआधी मी घरी गुडघे टेकले आणि नामानाचे दोन वाक्यांश देवाला म्हणून दाखवले. कमानीशी तोच स्वयंसेवक होता की दुसरा, मला आठवत नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि बाजूला झाला. मला त्याचा आनंद झाला नाही. माझ्या इस्त्रीच्या साडीमुळे तो बाजूला झाला हे मला कळत होते. पण मावशी आत गेली.

पायऱ्या उंच होत्या. तिने माझा उजवा हात दोन्ही हातांनी धरला होता. नारळ फोडला, खण दिला. मग ती डोके टेकायला वाकली आणि हात तिने सोडला नाही, त्यामुळे मीही तिच्याबरोबर वाकले. गुडघ्यापर्यंत. ती किती वेळ तशी होती ते सांगता येणार नाही. नातवाचे नाव घेत होती.

रविवारी मंडळीत एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "तुम्ही तिथे वाकलात असं ऐकलं." मी हो म्हटले. कुणी धरले होते तेही सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "प्रार्थना करू." आम्ही केली. त्यांचे समाधान झाले असे मला वाटत नाही. ते अजूनही मला हा प्रश्न मधूनमधून विचारतात, आणि मी त्यांचा राग मानत नाही, कारण तेही माझ्यासाठी जागे असतात.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिची बैठक पुढच्या गुरुवारी दुपारी तीनला मारुतीच्या मंडपात आहे. सोबत मी जाणार आहे. तिने ओढणी आणावी, चपला कडेला काढाव्या, रजिस्टर आणि शिक्का विसरू नये. मावशीच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. त्या आठवड्यात दवाखान्यात रात्री थांबायला कुणी तयार असेल तर कळवावे.